दोन पलंगांच्या मधली जागा

ए बाई, जरा जवळ सरक. तू तिकडं तुझ्या घरी आणि मी इकडं संभाजीनगरात, हे कळतंय मला, तरी सरक. वर्ष-वर्ष तोंड दाखवत नाहीस. दिवाळीला पणतीचं एक चित्र पाठवलं की मोकळी. आणि आता एकदम विचारतेस — मावशी, आम्हीपण तुमच्यासारखी कॅम्पर व्हॅन घेतोय, लहानच बघतोय, आत दोन सिंगल बेडवाली घेऊ का एका मोठ्या बेडची, तुमचा काय अनुभव? बघा की विचारणं! इतक्या दिवसांनी मावशी आठवली, ती पलंगासाठी.

रागावले नाही गं. तुझ्यावर नाही रागवायचं तर कुणावर? आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचीस तेव्हा वाटीभर साखरेसाठी दिवसातनं दोनदा खाली यायचीस, ते मी विसरले नाही.

पण तुझं उत्तर लिहायला बसले आणि हात थांबला. दोन सिंगल बेड का घेतले, ह्याचं खरं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. ह्यांना नाही. पोराला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा त्या जागेशी आले की दुसरंच काहीतरी पुटपुटते. मग तुलाच का? ठाऊक नाही. तू विचारलंस म्हणून असेल. इतकी माणसं गाडी बघून गेली, कौतुक करून गेली — दोनच पलंग का, असं कुणी विचारलंच नाही.

सोपं उत्तर आहे, ते आधी घे. आमची गाडी तू फोटोत बघितलीस. मागचं दार उघडलं की डाव्या अंगाला एक पलंग, उजव्या अंगाला एक, मधे चालायला पट्टा. पायथ्याला छोटा ओटा, वर शेगडी. गाडी गल्लीत मावते, घाटात झकास वळते, आणि ह्या वयात एकाला उठायचं झालं तर दुसऱ्याची झोपमोड होत नाही. हे सगळं खरं आहे. कुणी न विचारता सगळ्यांना मी हेच सांगते, आणि इतकं छान सांगते की विकणाऱ्यानं मला पगारावर ठेवावं. फक्त — ह्यातल्या एकाही कारणासाठी मी ती घेतलेली नाही.

आक्का आठवतात का तुला? ओसरीत बसून ज्वारी निवडायच्या, कपाळ मोकळं, शेजारी काठी — त्या. ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. तुला वाटायचं त्या अबोल आहेत. अबोल कसल्या! माणूस बघून बोलायच्या.

ह्यांचं घराणं मेंढरंवाल्यांचं. दिवाळी झाली की बिडकीनकडचं शिवार सोडायचं, वेरूळचा डोंगर मागं टाकून कन्नडचा घाट उतरायचा, आणि खाली खानदेशात शेताशेतात मेंढरं बसवत हिंडायचं. पावसाच्या तोंडाला परत. अशाच एका खेपेत ह्यांची आई गेली. ताप आला आणि गेली. हे तेव्हा अंगावर पिणारे, आणि आक्का म्हणजे नुकती परकर सावरायला शिकलेली पोर. ओढ्याच्या काठाला आईला मातीआड केलं, डोक्याशी तीन धोंडे रचले, आणि दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला. मेंढरांना चारा पाहिजे. मेंढरं कुणासाठी थांबतात? आक्कांनी धाकट्या भावाला पाठीशी बांधलं ते बांधलंच. शेळीच्या दुधावर वाढवलं. पुढं सासऱ्यांनी ती वाट सोडली, मेंढरं विकली, बिडकीनला जमिनीचा तुकडा केला. त्या ओढ्याकडं पुन्हा कुणी गेलं नाही. सासरेही गेले. मग ती जागा ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं — आक्का.

त्यांचं लग्न झालं होतं. नवरा वर्षाच्या आत गेला आणि त्या भावाकडं परत आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात होत्या. म्हणजे मी त्यांच्या घरात आले. हे असं म्हणायला मला किती वर्षं लागली माहितीये?

त्या लोकांत एक रीत. नव्या मुक्कामाला पोचलं की घोड्यावरचं ओझं उतरायच्या आधी घरातल्या थोरल्या बाईची घोंगडी हातरायची. ती पडली की तिथं घर झालं. मग चूल, मग पाणी, मग बाकीच्यांची अंथरुणं. मेंढरं गेली तरी रीत राहिली. हे एसटीत ड्रायव्हर, बदल्या होत राहायच्या. लासूर स्टेशनला राहिलो, पैठणला राहिलो, मग इथं गारखेड्यात. दर नव्या खोलीत आधी आक्कांची काळी घोंगडी पडायची. मी भांड्यांचं बोचकं काखेत घेऊन दारात उभी. नवी होते तेव्हा मला त्याची गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली.

घोंगडी पडायची कुठं? बाहेरच्या खोलीत, दाराला लागून. हे ड्युटीवरून आले की पहिल्या भेटणार आक्का. मी आत भाकऱ्या थापायची, आणि त्या येऊन तव्यावरची भाकरी उचलून न्यायच्या — "गरम हाय तवर खा रं मल्ल्या." जन्मभर माझ्या हातची भाकरी ह्यांना आक्कांच्या हातनं मिळाली. आता ऐकताना तुला हसू येईल. भाकरीचं काय घेऊन बसलीस मावशी, म्हणशील. पण बारक्या गोष्टीच आत जाऊन बसतात. एखादी गोष्ट ह्यांना सांगायला जावं तर म्हणायचे, "व्हय, आक्का बोलली मघाशी." माझं सगळं बोलणं शिळं होऊनच त्यांच्यापर्यंत पोचायचं.

वाईट होत्या का आक्का? वाईट असत्या तर आज मी इतकी तडफडले नसते. पोराच्या वेळी मी मरता मरता वाचले. माहेरी करणारं कुणी नव्हतं. माझं न्हाणं-धुणं, घाण, सगळं त्या बाईनं केलं, आणि पुढं जन्मात कधी तोंडावर आणलं नाही. मला उठता येईना तर लेकरासारखं उचलून न्यायच्या मोरीपर्यंत. ते हात. त्या हातांबद्दल पुढं सांगायचंय मला. थांब जरा, पाणी पिते.

तर — बिडकीनची जमीन कंपन्यांच्या वसाहतीत गेली आणि हातात पैसा आला. पोरगं पुण्याला, त्याला काही नको. हे रिटायर झालेले, हातात स्टेअरिंग नाही म्हणून घरभर येरझाऱ्या. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "आक्का, तुला आईच्या जागेवर नेतो. गुडघे चालंनात ना तुझे? मग घरच चालवत नेऊ."

आक्का हसल्या. "मेंढरं राह्यली, आता घर हाकणार का रं?"

हसल्या खऱ्या, पण पदर डोळ्याला गेला. ह्यांना आईचं तोंड बघितलेलं आठवत नाही, घरात तिचा फोटो नाही. तीन धोंडे, एवढीच ह्यांची आई. तिथं नारळ फोडायचा, तिच्या नावानं खण ठेवायचा, हेच एक मनात घेऊन हे म्हातारे झाले होते. मी आमटी वाढत होते. मला कुणी विचारलं नाही, तू येतेस का. येणार हे धरलेलंच होतं गं. पण विचारलं नाही.

वाळूजच्या रस्त्याला एक शेड आहे, तिथं रिकाम्या गाड्या आणून आतनं घर करून देतात. शकीलभाई म्हणून मिस्त्री. दोन गाड्या तयार उभ्या होत्या. एक जरा मोठी, मागं आडवा ऐसपैस पलंग. ह्यांनी त्यांना आमच्या घरचं सगळं आधीच सांगितलेलं, त्यामुळं त्यांनी सरळ तीच उघडून दाखवली. "खाला, येच लेव. दोनो औरतां पीछे आराम से सोते, चाचा की सीट सामने खुल जाती. बडी आपा कू चढने कू पायरी भी लगा देतूं." हे लगेच आत चढून आडवे झाले. लहान पोरासारखे. हातानं गादी थोपटून म्हणाले, "आक्का हिकडं, तू तिकडं. खिडकीतनं डोंगर दिसंल तिला." मग फोन आला म्हणून बाहेर गेले.

मी एकटी उभी होते. शेजारच्या छोट्या गाडीचं दार उघडं होतं. दोन पलंग — अरुंद, एकेका माणसाचे. मी बघत राहिले. आणि माझ्या मनात काय आलं ते आता लिहिते. लिहितेच. माझ्या मनात आलं — हिच्यात तिसरं माणूस मावणार नाही.

एवढंच. बाकी काही नाही.

हे परत आले तेव्हा मी कमरेवर हात ठेवून उभी होते. मी म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, मणक्याचं दुखणं आहे. एकटीचं अंथरूण पाहिजे, कडक. शेजारचं माणूस कुशीवर वळलं तरी पाठीला दणका बसतो म्हणाले. — डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. त्यांनी एक मलम दिलं होतं आणि वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं.

ह्यांचा चेहरा उतरला. "आधी का नाय सांगितलंस?" लगेच छोट्या गाडीत शिरले, पलंग दाबून बघितला, कडक आहे का. मग म्हणाले, "मग मी मधे खाली निजतो. आक्का माझ्या पलंगावर." मी म्हणाले, खाली निजून मान आखडली आणि सकाळी घाट उतरायचा आला तर? दोन बायांचा जीव हातात घेऊन? जन्मभर गाडीला ओरखडा न पाडलेला ड्रायव्हर गं तो. मग हळूच म्हणाले, "आक्का निजंल की खाली. ती कुठं पलंगावर निजलीय जन्मात?"

हे खरं होतं. आक्का जन्मभर जमिनीवरच निजल्या, त्या घोंगडीवर. आणि त्यावर मी जे बोलले — ते बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. मी म्हणाले, "थोरल्या माणसाला खाली घालून आपण वर निजायचं? आई बघत असंल तर काय म्हणंल तुमची?"

त्यांची आई. जिच्यासाठी गाडी घ्यायची तिलाच मी आडवी घातली. मग मीच शहाणपणानं म्हणाले, आधी आपण जाऊन वाट बघून येऊ, जागा हुडकून ठेवू, मग आक्कांना नेऊ अलगद. किती समजूतदार बाई वाटले असेन! शकीलभाईंनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाले, मर्जी आपकी.

आणि ह्यातलं येडेपण बघ. मला ह्यांच्याजवळ एकटीला जागा पाहिजे होती ना? म्हणून मी ह्यांच्यापासनं वेगळा पलंग मागून घेतला. त्याच आठवड्यात ह्यांनी घरातल्या आमच्या पलंगावर फळी टाकली, माझ्यासाठी कडक गादी आणली, आणि स्वतः खाली निजायला लागले. आजही खालीच निजतात. मला पाण्याची बादली उचलू देत नाहीत. ते बादली नेतात आणि मी कमरेवर हात ठेवून मागनं चालते. रोज. माझी पाठ ठणठणीत आहे गं.

निघायच्या सकाळी गल्ली गोळा झाली होती. हे पुढं काच पुसत होते, शेजाऱ्यांशी बोलत होते. आक्का काठी टेकत आल्या, काखेत घोंगडी. म्हणाल्या, "मी नाय तर नाय, घोंगडी तर न्या. घर म्हणता ना हिला?" मी हात दिला, त्या मागनं चढल्या. दोन पलंगांच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी घोंगडी हातरली. वाकून, कोपरे ओढून, नीट. बरोब्बर बसली. मी दारात उभी.

मग दोन्ही पलंगांच्या कडा धरून त्या खाली बसल्या. आणि आडव्या झाल्या. सरळ, हात पोटावर. डाव्या अंगाला माझा पलंग, उजव्या अंगाला ह्यांचा, मधे आक्का. जागा कुठं कमी पडली नव्हती. आणि गुडघे? ओसरीतनं उठायला बसायला त्रास होणारी बाई, तिनं दोन्हीकडच्या कडा धरल्या आणि तिला खाली बसणं जमलं, कारण धरायला दोन्हीकडं आधार होता.

त्यांनी मान फिरवून माझ्याकडं बघितलं.

राग असता तर मी भांडले असते. रडल्या असत्या तर मी कदाचित मोडले असते. त्यांनी नुसतं बघितलं, जसं आपण ज्वारीतला खडा बघतो — अच्छा, हा इथं होता होय. मग म्हणाल्या, "बरी हाय गाडी. हात दे गं, गया."

मी हात दिला. त्या उठल्या, उतरल्या. भावाला एक अक्षर बोलल्या नाहीत. "जपून जा रं मल्ल्या," एवढंच. "चला आक्का, पुढं तिघांची सीट आहे, बसा" — हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्याची चव आठवते मला. गिळलं मी ते.

त्या खेपेचं काय सांगू? घाट उतरलो. खाली सगळं बदललेलं. जिथं कापसाची मोकळी शेतं होती असं आक्का म्हणायच्या तिथं केळीच्या बागा, कालवे, सिमेंटचे बंधारे. ओढा म्हणून विचारलं तर लोक चार ओढे दाखवायचे. आक्कांनी खूण सांगितली होती, समोरचा डोंगर बसलेल्या बैलावाणी दिसतो. अगं, त्या रस्त्यानं जाताना प्रत्येक डोंगर बसलेला बैल वाटतो. हे गाडी थांबवायचे, उतरायचे, बांधाबांधानं चालत जायचे, वाकून धोंडे बघायचे, परत यायचे. फोन लावायचे — "आक्का, हितं ओढ्याला दोन फाटे हायेत, कुठल्या अंगाला?" फोनचा आवाज मोठा, मला ऐकू यायचं. "मला तिथं हुबं केल्याबिगर कसं सांगू रं? बैलाचं तोंड कुण्या अंगाला हाय, त्ये डोळ्यांनी बघाया लागतंय." हे म्हणायचे, व्हय आक्का. आणि माझ्याकडं बघून हसायचे, कसनुसं.

शेवटी एका बाभळीखाली अंदाजानं नारळ फोडला. खण ठेवला. "इथंच कुठंतरी आसंल," म्हणाले. त्या दुपारी गाडीत येऊन पडले, भिंतीकडं तोंड करून. खांदे हलत होते. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं ना? मी आणि हे, आणखी कुणी नाही. मी माझ्या पलंगावरनं हात लांब केला. पोचला नाही. मधे घोंगडीवर पडला.

तुला वाटलं असेल, हीच गोष्ट. इतकीच असती तर मी सांगितलीच नसती, खरंच. एकदा माणूस चुकतं, पुढच्या खेपेला सुधारतं. पुढची खेप आली की गं. आलीच होती.

घरी आल्या आल्या ह्यांनी ठरवलं, आक्काशिवाय व्हायचं नाय. "खाली तर खाली. आई काय म्हणायचं ते म्हणंल, मी बोलतो तिच्याशी," असं म्हणाले. पुढच्या वर्षी दिवाळी झाली की निघायचं. आक्कांनी गाठोडं कधीच बांधून ठेवलं. आईच्या नावाचं हिरवं लुगडं घेतलं. मूठभर बाजरी फडक्यात बांधली. तिला बाजरी आवडायची म्हणे. रोज सकाळी गाडीला हात लावून यायच्या, गाईच्या पाठीवरनं फिरवावा तसा.

आणि निघायच्या दिवशी सकाळी मी उठलेच नाही. पाठ धरून निजले. कण्हले. वळता येईना म्हणाले.

का? तू विचारशील म्हणून मीच विचारते, का? गाडी माझीच राहावी म्हणून? त्या घोंगडीवर पुन्हा त्या मला तसं बघतील म्हणून? घाट उतरता उतरता भावाला सांगतील, गयानं मुद्दाम केलं, ह्या भीतीनं? — भीतीच असावी. पण मी नक्की सांगत नाही, कारण भीती म्हटलं की ते हलकं होतं. ठरवून केलं मी. रात्रीच ठरवलं होतं. हे घाबरले, गाडीतलं सामान उतरवलं, मागनं मला चढवता यायचं नाही म्हणून दवाखान्यात न्यायला रिक्षा बघायला धावले.

तेवढ्यात आक्का आत आल्या. वाटीत तेल कोमट करून आणलं होतं. काठी भिंतीला टेकवली, माझ्याजवळ बसल्या — आणि माझी पाठ चोळायला लागल्या. सावकाश, मानेपासून कमरेपर्यंत. तेच हात. ज्या हातांनी मला उचलून मोरीवर नेलं ते. त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. त्या चोळत राहिल्या. अंगावर प्रवासासाठी नेसलेलं धुतलेलं लुगडं होतं, त्यावर तेलाचा डाग पडला.

एकदाच विचारलं. "लई दुखतंय का गं?"

मी म्हणाले, "व्हय आक्का."

झालं. हेच सांगायचं होतं. त्यांच्या हाताखाली, तोंडावर, मी "व्हय" म्हणाले.

थंडी सरता सरता आक्का न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मग उठल्याच नाहीत. अंथरुणावरून ह्यांना त्या वाट सांगायच्या — मंदिर लागलं की डावीकडं, मग विहीर, मग चिंच. हे मान हलवायचे, आणि दोघांनाही कळत असायचं की ती विहीर आता नाही, ती चिंच नाही. मी त्यांचं सगळं केलं. न्हाणं-धुणं, घाण. कुणी म्हणतं, नणंदेचं इतकं कोण करतं! ते ऐकून घेते मी. एकदा त्यांना पुसून काढताना दोघीच होतो. सांगायचं ठरवलं होतं मी. तोंड उघडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली होती का नको होतं ऐकायला, हे मला आता कधीच कळायचं नाही. पावसाळ्याच्या आत गेल्या. त्यांच्यासोबत ती जागा गेली. ह्यांची आई दुसऱ्यांदा गेली, आणि ह्या वेळी मी नेली.

हे दरवर्षी जातात. मला घेऊन जातात. दर वेळी नवीन झाड, नवीन बांध, आणि अंदाजानं नारळ. तुम्ही ज्या फोटोंना आंगठे दाखवता ना, म्हातारा-म्हातारी कशी हिंडतात बघा म्हणून — ते फोटो त्या खेपांचे. त्यांत मी हसतेय, बघितलंस का? मुक्कामाला थांबलो की हे आधी मधली घोंगडी हातरतात, मग माझी गादी घालतात, पाठीखाली नीट थोपटून. मधे कुणी नको म्हणून मी गाडी घेतली. आता ती घोंगडी ओलांडल्याशिवाय मला माझ्या पलंगावरही जाता येत नाही.

ह्यांना सांगितलं का? नाही. यंदा सांगेन का? असं मी दरवर्षी घाट उतरताना म्हणते आणि चढताना पाठ धरते. माफी कुणाकडं मागू? तुझ्याकडं मागत नाही, तू ती देऊ नकोस. तू फक्त पलंगाचं विचारलं होतंस.

दोन्ही गाड्या चांगल्या असतात बाई. तुला परवडेल ती घे. घ्यायच्या आधी घरात कोण कोण आहे ते एकदा डोळ्यांसमोर आण, बास.

आणि ये. फोन नको, स्वतः ये, दिवाळीच्या आधी ये. ह्यांचे डोळे अधू झालेत, पोरगं म्हणतं यंदाच्या खेपेनंतर गाडी विकू. माणसं आली की ह्यांना बरं वाटतं. आक्कांच्या गोष्टी सांगायला कुणीतरी लागतं त्यांना, माझ्यापाशी सांगायला लागले की मी उठून आत जाते. तुझ्या आवडीचं भरीत करीन. हे तुला हौसेनं गाडी दाखवतील. मागनं चढावं लागतं, दोन्हीकडच्या कडा धरून चढ. आणि चपला बाहेर काढ. मधे घोंगडी हातरलेली असते.